डेपाचिकातून जपानी मिठाईचा एकच नग कसा घ्यावा

जपानमधल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात खाण्यापिण्याचा जो बाजार भरलेला असतो, त्याला तिथे डेपाचिका म्हणतात. टोकियोत नव्याने आलेला मराठी माणूस, मग तो निशिकासाईत भाड्याने राहणारा आयटीवाला असो किंवा आठ दिवसांच्या सहलीवर आलेला, तिथे एकदा तरी उतरतो. काचेपलीकडची मिठाई बघतो, बारा नगांच्या खोक्याची चार हजार येनची पाटी वाचतो आणि सरकत्या जिन्याने वर निघून जातो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

कारण त्याच काउंटरवर, त्या खोक्याच्या शेजारी, बऱ्याचदा तीच मिठाई सुटी ठेवलेली असते आणि एक नग दीडशे ते साडेतीनशे येनला मिळतो. शंभर येन म्हणजे हल्लीच्या दराने साधारण पंचावन्न-साठ रुपये. एक नग मागितला म्हणून कोणी नाक मुरडत नाही. तोही कागदात नीट ठेवून, पिशवीत घालून, दोन्ही हातांनी तुमच्याकडे दिला जातो. टोकियोच्या निहोम्बाशी भागातले मित्सुकोशी हे डिपार्टमेंट स्टोअर १६७३ साली एचिगोया नावाचे कापडाचे दुकान म्हणून सुरू झाले. पुढे ते नावारूपाला आले ते रोखीने, ठरलेल्या भावाने आणि गिऱ्हाइकाला हवे तेवढेच कापड फाडून देण्याच्या पद्धतीमुळे. तेव्हा थोडेसेच मागायला तिथे तरी लाजू नका.

पहिली पायरी: वेळ

स्टोअर बहुधा सकाळी दहा किंवा साडेदहाला उघडते. आठवड्याच्या मधल्या दिवशी उघडल्यानंतरचा पहिला तास सगळ्यात बरा. गर्दी नसते, विक्रेत्यांना बोलायला सवड असते आणि सकाळीच करून आणलेला माल पुरता मांडलेला असतो. संध्याकाळी पाचनंतर ऑफिसातून घरी जाणारी मंडळी रात्रीच्या जेवणाची भाजी-भात घ्यायला येतात. तेव्हा मिठाईच्या रांगेतही चेंगराचेंगरी होते आणि नावाजलेले प्रकार संपलेले असतात.

बंद होण्याच्या तासाभरात भाव उतरतात हे खरे, पण ते मुख्यतः तयार जेवण, सुशी आणि डब्यांवर. जुन्या मिठाईवाल्यांची दुकाने सहसा भाव पाडत नाहीत. त्याच दिवशी खायचे मोची (चिकट तांदळाचे मऊ, चिवट गोळे) किंवा दांगो (काडीला टोचलेल्या गोळ्या) विकणाऱ्या साध्या काउंटरवर कधीकधी सवलतीची चिठ्ठी दिसते. मिळाली तर घ्यावी, तिच्या भरवशावर मात्र जाऊ नये.

आत शिरल्यावर लगेच काही विकत घेऊ नका. एक पूर्ण फेरी मारा. ताजी पावा-केकची दुकाने एका बाजूला, जपानी मिठाई दुसऱ्या बाजूला, असे विभाग साधारणपणे वेगळे असतात. जपानी मिठाईच्या विभागाला वागाशी म्हणतात. मोठ्या स्टोअरमध्ये आणखी एक कोपरा शोधा, जिथे देशभरातल्या गावोगावच्या नामांकित मिठाया एकत्र ठेवलेल्या असतात. मित्सुकोशीत त्याचे नाव ‘कायुआन’, ताकाशिमाया या दुसऱ्या मोठ्या स्टोअरमध्ये ‘मेइका ह्याकुसेन’. नवख्या माणसासाठी संपूर्ण तळघरातली ही सर्वांत उपयोगी जागा, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे बरेच प्रकार सुटे मिळतात, तुम्ही टोपलीत टाकत जायचे आणि एकदाच पैसे द्यायचे. इतरत्र मात्र प्रत्येक काउंटरचा हिशेब वेगळा असतो. एकाचा माल दुसऱ्याकडे नेऊन पैसे देता येत नाहीत.

दुसरी पायरी: पहिली खरेदी गरमागरम असू द्या

काचेतल्या नाजूक फुलांच्या आकाराच्या मिठाईने सुरुवात करू नये. ती दिसायला अप्रतिम असते, पण जिभेला सवय नसेल तर ‘नुसती गोड’ एवढाच शेरा मिळतो. सुरुवात करावी ती तव्यावरच्या गोल, जाड, आत डाळीचे सारण भरलेल्या मिठाईने. टोकियोकडे तिला इमागावायाकी म्हणतात. पश्चिमेकडे ती कैतेनयाकी होते, आणखी कुठे ओबानयाकी. कुठले नाव खरे यावर जपानी माणसे हसत हसत कितीही वेळ वाद घालू शकतात. इमागावायाकी हे नाव एदोमधल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, कांदा नावाच्या भागातल्या इमागावाबाशी पुलावरून आले असे सांगतात. तिथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती विकली जात होती.

हिमेजीचे ‘गोझासोरो’ हे या मिठाईतले ठळक नाव. १९५० साली सुरू झालेले हे दुकान आज पश्चिम जपानच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरांत रांगा लावणारे म्हणून ओळखले जाते. त्यांच्याकडे मुळात दोनच गोष्टी: लाल सारणाची आणि पांढऱ्या सारणाची. एक नग शंभर-सव्वाशे येनच्या आसपास. डेपाचिकात याहून स्वस्त आणि पोटभरीचे गोड सापडणे कठीण.

रांगेत उभे असताना काचेतून बघत राहा, वेळ छान जातो. खोलगट गोल साच्यांच्या तव्यावर पातळ पीठ ओततात. ते कडेने धरू लागले की चपट्या पट्टीने सारणाचा एकेक गोळा त्यात सोडतात, हात जराही न थांबवता. शेजारच्या ओळीत नुसत्या पिठाच्या वाट्या भाजत असतात. त्या उलटून सारणावर बसवल्या की दोन अर्धे एकमेकांना चिकटतात. कड किंचित कुरकुरीत, पोट मऊ आणि सारण जीभ भाजेल इतके गरम. पहिला घास जपून.

लाल एक, पांढरी एक, अशा दोन मागा. दोघांनी अर्ध्या-अर्ध्या करून खाल्ल्या की पुढची सगळी खरेदी सोपी होते, कारण पुढे जे काही घ्याल त्याच्या आत बहुतेक हेच असणार आहे.

तिसरी पायरी: सारण ओळखा

या सारणाला आन किंवा आन्को म्हणतात. लाल आन अझुकीचे. अझुकी हे बारीक, तांबड्या दाण्यांचे कडधान्य आपल्या मूग, उडीद, चवळीच्याच कुळातले आहे. जपानात ते सर्वांत जास्त पिकते होक्काइदोत आणि तिथल्या तोकाची भागाच्या अझुकीचे नाव दुकानदार अभिमानाने पाटीवर लिहितात. दाणे उकडून, साखर घालून आटवायचे. करायची रीत आपल्या पुरणाचीच, फक्त गुळाऐवजी साखर आणि वेलची-जायफळ अजिबात नाही. मराठी जीभ नेमकी इथे अडखळते. पुरणासारखे दिसते म्हणून ती वेलचीची वाट बघते, ती येत नाही आणि मग ‘काहीतरी राहिलंय’ असे वाटते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला डाळीची स्वतःची चव लागू लागते.

आनचे दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवा. त्सुबुआन म्हणजे सालासकट, दाणे दाताखाली येणारे. कोशिआन म्हणजे साले काढून, गाळून, अगदी गुळगुळीत केलेले. पाटीवर किंवा विक्रेत्याच्या तोंडी हे दोन शब्द सतत येतात. नवख्याने आधी त्सुबुआन घ्यावे असे मी सुचवेन. त्यात चावायला काहीतरी असते आणि गोडी एकदम अंगावर येत नाही. पांढरे आन, शिरोआन, हे पांढऱ्या घेवड्याच्या जातीच्या दाण्यांचे. चव सौम्य. फुलापानांच्या आकाराच्या त्या महागड्या मिठाया बऱ्याचदा याच पांढऱ्या आनला रंग देऊन घडवलेल्या असतात. शिवाय ईशान्येकडच्या सेंदाई भागाची झुंदा म्हणजे कोवळ्या हिरव्या सोयाबीनची वाटलेली चटणीवजा गोड पेस्ट. दिसली तर सोडू नका.

चौथी पायरी: तारीख वाचा, मग किंमत

जपानी मिठाईचे वर्गीकरण ओलाव्यावर चालते. तीस टक्के किंवा त्याहून जास्त पाणी असेल तर नामागाशी, दहा ते तीसच्या मधली हान-नामागाशी आणि दहापेक्षा कमी असेल तर हिगाशी, म्हणजे कोरडी. तुम्हाला आकडे पाठ करायचे नाहीत. यातून निघणारी गोष्ट एवढीच: जितकी ओली तितकी लवकर खायची. दाइफुकु, म्हणजे मोचीच्या पारीत आन भरलेला गोळा, किंवा काडीला टोचलेले दांगो त्याच दिवशी संपवावे लागतात. उद्या सकाळी चहाबरोबर खाऊ, असे म्हणून चार नग नेले की उद्या ते चिवट झालेले असतात.

पाकिटावर दोनपैकी एक तारीख असते. ‘शोहि किगेन’ म्हणजे या तारखेनंतर खाऊ नका. ‘शोमि किगेन’ म्हणजे या तारखेपर्यंत चव उत्तम राहील. फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारे ॲप दोन्ही ओळखते. विक्रेते बहुधा स्वतःहूनही सांगतात: “होन्जित्सु-चू नि” म्हणजे आजच्या आज.

आता सहज उरकता येतील असे तीन प्रकार सांगतो, कारण सगळ्यांची यादी दिली तर हा लेख तळघराएवढा होईल.

दांगो: तांदळाच्या पिठाच्या गोळ्या, काडीला तीन-चार टोचलेल्या. मितराशी दांगोवर सोया सॉस आणि साखरेचा तकतकीत खारट-गोड पाक असतो. नुसते गोड नको असणाऱ्यांनी हे घ्यावे. सगळ्यांत स्वस्त प्रकारांपैकी एक.

छोटे योकान: अझुकी, साखर आणि समुद्री शेवाळापासून काढलेले कांतेन एकत्र आटवून केलेली वडी. ‘तोराया’ हे या व्यवसायातले फार जुने घराणे. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला क्योतोत सुरू झाले आणि १८६९ साली सम्राटांच्या पाठोपाठ टोकियोला आले. नाव ऐकून खिसा चाचपावा असे हे दुकान, पण त्यांचे पन्नास ग्रॅमचे छोटे योकान साधारण ३०० ते ३५० येनला एक असे मिळते आणि खोलीच्या तापमानाला वर्षभर टिकते. ‘योरु नो उमे’, अंधारातला उमेचा (जर्दाळूच्या जातीच्या झाडाचा) फुलोरा, हा त्यांचा खास प्रकार. कापल्यावर काळसर वडीत अझुकीचे अख्खे दाणे फुलांसारखे उठून दिसतात. पाचशे वर्षांच्या दुकानातली वस्तू एका वडापावच्या दहापट किमतीत येते आणि मला ती महाग वाटत नाही.

इमो-योकान: रताळ्याची वडी. असाकुसाचे ‘फुनावा’, १९०२ पासूनचे, यासाठी प्रसिद्ध आहे. रताळे, साखर, मीठ, बस्स. एकादशी पाळणाऱ्यांच्या कपाळावरच्या आठ्या इथे पुसल्या जाव्यात, तरी लेबल एकदा बघून घ्या. हा प्रकार बहुधा छोट्या खोक्यात येतो आणि टिकतो थोडेच दिवस. घरी तव्यावर थोड्या लोण्यात दोन्ही बाजूंनी परतला की वेगळाच पदार्थ होतो.

पाचवी पायरी: अंडे, जिलेटिन आणि बाकीचे प्रश्न

शाकाहारी माणसाला जपानात जेवणापेक्षा मिठाई सोपी जाते. जुन्या पद्धतीच्या वागाशीत लोणी-तूप नसते आणि मांसाहाराचा संबंध फार कमी येतो. पण ‘सगळे चालते’ असे समजू नये.

अंडे असते ते मुख्यतः तव्यावर किंवा भट्टीत भाजलेल्या, केकसारख्या जाळीदार गोष्टींत: दोरायाकी, कास्तेरा आणि वर सांगितलेली इमागावायाकीसुद्धा. अंडे वर्ज्य असेल तर दुसरी पायरी तुम्ही दांगोने सुरू करा. दाइफुकु, दांगो, मोनाका, योकान, वाराबिमोची यांच्या पारंपरिक रूपात अंडे नसते. मोनाका म्हणजे तांदळाच्या पिठाच्या दोन पातळ कुरकुरीत पाऱ्यांमध्ये भरलेले आन. नवख्याला हमखास आवडते.

थरथरणाऱ्या वस्तूंत दोन शक्यता असतात. कांतेन असेल तर ते शेवाळ, निर्धास्त खा. ‘झेराचिन’ असे उत्तर आले तर ते जिलेटिन, प्राण्यापासूनचे. मिझु-योकान, आन्मित्सु हे जुने प्रकार कांतेनचे. क्रीम भरलेले नवे दाइफुकु आणि फळांच्या जेली यांत जिलेटिन सापडू शकते, तेव्हा विचारा.

पाकिटबंद मालावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात, म्हणजे पहिला शब्द सर्वांत जास्त असलेल्या गोष्टीचा. अंडे, दूध, गहू, सोबा (कुट्टू), शेंगदाणा, कोळंबी, खेकडा आणि अक्रोड या आठ गोष्टी असतील तर ते लिहिणे कायद्याने बंधनकारक आहे. तिथेच समोर भाजून दिलेल्या मालावर मात्र छापील लेबल नसते. अशा वेळी विचारावे: “तामागो वा हाइत्ते इमास का?” अंडे आहे का? बऱ्याच काउंटरवर ॲलर्जीची यादी ठेवलेली असते. ती काढून बोटाने दाखवतात.

सहावी पायरी: काउंटरवरचा संवाद

हा भाग लोकांना सर्वांत जास्त घाबरवतो आणि प्रत्यक्षात दोन मिनिटांत आटपतो. बोट दाखवून “कोरे ओ हितोत्सु कुदासाइ” म्हणा, म्हणजे हे एक द्या. दोन हवे तर फुतात्सु, तीन हवे तर मित्त्सु.

त्यावर समोरून प्रश्न येतात आणि ते ठरलेले असतात. पहिला: “गो-जिताकु-यो देस का?” घरी खायला आहे का? याला “हाइ” म्हणायचे. हा एक ‘हो’ म्हटला की भेटवस्तूचे वेष्टन, वरची नक्षीदार नोशीची पट्टी, वाटायला वेगळ्या पिशव्या हा सगळा सोहळा टळतो. कोणाकडे न्यायचेच असेल तर अर्थात नाही म्हणा आणि त्यांना सजवू द्या. तेही बघण्यासारखे असते. दुसरा प्रश्न: घरी पोचायला किती वेळ लागेल? हा थंड ठेवायच्या मिठाईसाठी असतो. “इचिजिकान”, एक तास, म्हटले की बर्फाची छोटी पुडी बरोबर देतात. बाहेर पाऊस असेल तर कागदी पिशवीवर प्लास्टिकचे आवरण चढवून देतात, न मागता.

पैसे हातात न देता समोरच्या छोट्या तबकात ठेवायचे. कार्ड चालते. पाटीवर दोन किमती दिसल्या तर करासकटची खरी. घरी न्यायच्या खाद्यपदार्थांवर आठ टक्के कर आहे, तिथेच बसून खाल्ले तर दहा. काही स्टोअर कागदी पिशवीचेही पैसे घेतात, तेव्हा खांद्याला एक कापडी पिशवी असू द्या.

चव घ्यायला तुकडा पुढे केला तर घ्यावा, “दोमो” म्हणावे. घेतले म्हणून विकत घ्यायलाच हवे असे नाही. मात्र तिन्ही बाजूंनी फिरून पुन्हा त्याच तबकाशी उभे राहणे बरे दिसत नाही. आपल्यातले काही महाभाग हे करतात.

सातवी पायरी: महिना बघून मागा

एकाच दुकानात मार्चमध्ये आणि जूनमध्ये गेलात तर काच बदललेली असते. वसंतात साकुरामोची, खारवलेल्या चेरीच्या पानात गुंडाळलेली. हे पान खातात. टोकियोकडे तिची पारी गव्हाच्या पिठाच्या पातळ घावनासारखी, क्योतो-ओसाकाकडे जाडसर तांदळाची. पाच मेच्या बालदिनाला काशिवामोची. तिच्यावरचे ओकच्या जातीचे पान मात्र खायचे नसते, काढून ठेवायचे. क्योतोत तीस जूनला मिनाझुकी: पांढऱ्या उकडीच्या त्रिकोणावर अझुकीचा थर. उन्हाळ्यात गार मिझु-योकान, वसंत आणि शरद संपाताच्या आठवड्यात ओहागी, म्हणजे आनमध्ये लपेटलेले भाताचे गोळे, शरदात चेस्टनटची कुरि-किन्तोन. या हंगामी वस्तू सुट्या मिळण्याची शक्यताही जास्त असते, कारण जपानी माणसेही त्या एक-दोनच घेतात.

आठवी पायरी: कुठे खायचे, कसे ठेवायचे

तळघरातल्या वाटांवर उभ्याने खाणे रीतीला धरून नाही. जुन्या स्टोअरना बहुधा गच्ची असते, बाक आणि झाडांसकट. लिफ्टने थेट वर जा. गिन्झा मित्सुकोशीत नवव्या मजल्यावर बसायला मोकळी जागा आहे. खालूनच बिनसाखरेचा हिरवा चहा घ्या. आनच्या गोडीला तोच पुरा पडतो, दुधाच्या चहाने सगळे गिळगिळीत लागते.

घरी नेलेली मोची फ्रिजमध्ये ठेवू नये. थंडीत तिच्यातला स्टार्च आवळतो आणि ती रबरासारखी होते. खायला उशीर होणार असेल तर एकेक नग प्लास्टिकच्या पातळ कागदात घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका आणि खायच्या आधी बाहेर काढून आपोआप मऊ होऊ द्या. इमागावायाकी उरलीच तर आधी थोडा वेळ मायक्रोवेव्हमध्ये, मग टोस्टरमध्ये. नुसत्या मायक्रोवेव्हने कडेचा कुरकुरीतपणा परत येत नाही.

मोची लहान मुलांना आणि वयस्कांना देताना तुकडे बारीक करून, पाणी जवळ ठेवून द्या. ती घशात अडकून दरवर्षी नव्या वर्षाच्या सुमाराला जपानात माणसे दगावतात आणि टोकियोचे अग्निशमन दल त्याबद्दल इशारेही देते. मुंबई-पुण्याहून आलेल्या आजी-आजोबांना कौतुकाने अख्खा दाइफुकु हातात देणे टाळा.

भारतात न्यायचे असेल तर प्रश्नच नाही, छोटे योकान किंवा कोरडी हिगाशी घ्या. योकान हातातल्या बॅगेऐवजी चेक-इन सामानात टाका, ओलसर वड्यांवरून सुरक्षा तपासणीत उगाच चौकशी होते. दाइफुकु आणि दांगो विमानात नेण्याच्या भानगडीत पडू नका; ते निघायच्या दिवशी सकाळी घेऊन गच्चीवरच संपवा.